पाण्याखालच्या विहिरी

काहिलीला पुढचं तोंड नसतं आणि मागचंही नसतं. हे मला कुणी आधी सांगितलं असतं, तर पहिल्याच दिवशी मी इतकी रडवेली झाले नसते. होडी मला ठाऊक होती. खाडीकाठच्या पोरीला होडी शिकवावी लागत नाही, ती आपोआप येते, जशी चूल फुंकायला येते. पण आत्याच्या घरी होडी नव्हतीच. होती ती उसाचा रस आटवायची काहिल. लोखंडाची, गोल, सपाट बुडाची, दोन माणसं मांडी घालून बसतील एवढी, आणि काठाला उचलायच्या जाड कड्या. शेजारच्या गावातलं गुऱ्हाळ बंद पडलं तेव्हा मामांनी ती बैलगाडीत घालून आणली आणि तलावात सोडली. मी तिच्यात बसले, वल्हं मारलं आणि काहिल जागच्या जागी गर्रकन फिरली. दुसऱ्या अंगाला मारलं तर उलटी फिरली. काठावर मामांचा जोडीदार सोपान जाळं विंचरत बसला होता. तो म्हणाला, "अगं, जत्रंतल्या पाळन्यात बसलीस का काय? हिकडं ये, तिकीट फाडतो."

मामा म्हणजे आत्याचे यजमान. आमच्या कोकणात त्यांना काका म्हणतात, नगरकडं मामा. आल्या आल्या मी त्यांना काका म्हणाले तर ते मागं वळून बघायला लागले, की दुसरं कोण आलंय. तेव्हापासून मामा. ते उंच, किडकिडीत आणि कमी बोलणारे. काहिल कशी चालवायची हे त्यांनी मला तोंडानं कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर ते काहिलीच्या मधोमध गोणपाटावर बसले, वल्हं एकदा डावीकडं आणि लगेच एकदा उजवीकडं मारलं. काहिल थोडी डुलली आणि चालायला लागली, पोट सुटलेला माणूस चालतो तशी. वल्ह्यापेक्षा बसण्यात खुबी होती. एका अंगाला भार जरा जास्त गेला की ती फिरलीच. म्हणजे मनात धाकधूक असलेल्या माणसानं तिच्यात बसूच नये. आणि मी तर धाकधुकीचीच बनलेली होते.

शाळा सुटण्याचं कारण काही मोठं नव्हतं. आमची शाळा खाडीपलीकडं होती आणि तरीवाला म्हातारा थकला. त्यानं होडी बंद केली, नवा कुणी आला नाही. रस्त्यानं जायचं तर अर्धा दिवस जायचा. आठवी अशी अर्ध्यात राहिली. घरी आम्ही चार बहिणी. गौरी-गणपतीला आलेली आत्या निघताना पिशवी उचलत आईला म्हणाली, "हिला मी नेते. माझ्याकडं माणूस नाय." माझ्या पायात चप्पल होती का, तेही आता आठवत नाही. एसटीनं घाट चढला, हवा कोरडी झाली, झाडं विरळ झाली आणि मला एकाएकी कळलं, की कानात काहीतरी कमी आहे. समुद्राचा आवाज. जन्मभर तो होता म्हणून कधी ऐकला नव्हता.

तलावाला आवाज नव्हता. संध्याकाळी टिटव्या ओरडायच्या, पलीकडच्या मळ्यांतल्या मोटारींची घरघर यायची, उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून जायचा. पाणी मात्र गप्प. पहिल्या संध्याकाळी मी आत्याला विचारलं, "भरती कधी येते गो इथं?" ती भाकरी थापत होती, तिचा हात परातीवर थांबला. मग ती इतकी हसली, की पीठ तिच्या पदराला लागलं. इथं पाणी पावसाळ्यात एकदा चढतं आणि कॅनॉलला पाणी सोडलं की उतरतं, उतरतच जातं, आणि गेलेलं पाणी संध्याकाळी परत येत नाही. ही गोष्ट पटायला मला फार दिवस लागले. काठावर उमटलेल्या पाण्याच्या रेघा मी बघत राहायची. पायऱ्यांसारख्या, एकीखाली एक.

आत्याचं घर तलावाच्या काठावर, पत्र्याचं. पुढं शेणानं सारवलेली ओटी, तिच्यावर जाळ्यांचा ढीग. कालवणात खोबरं नव्हतं. शेंगदाण्याचं कूट, लसूण, काळा मसाला, वर लाल तवंग, आणि सोबत बाजरीची भाकरी. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आत्या उठली, मडक्यांच्या उतरंडीतून एक डबा काढला आणि त्यातली दोन आमसुलं माझ्या कालवणात टाकली. लग्नाला इतकी वर्षं होऊनही तिनं तो डबा संपू दिला नव्हता. मासे मात्र मला बावळट वाटायचे. रोहू, कटला, चिलापी. एक मरळ तेवढी खरी, अंगात रग असलेली. पुढं मीच या माशांची इतकी झाले, की माहेरी गेल्यावर पापलेट अळणी लागायला लागलं. हे माहेरी सांगायची सोय नाही.

काठावरची माणसं मला एकच विचारायची. "कवा जानार गं म्हागारी?" त्यांच्या मनात वाईट नसायचं, पण मला ते 'नीघ' म्हटल्यासारखं वाटायचं. आत्या-मामांनी मला हे कधीच विचारलं नाही. त्यांनी कधी विचारू नये म्हणून मी मिळेल ते काम करायची. जाळी धुवायची, बाजाराची पाटी भरायची, ओटी सारवायची. कुणी म्हणू नये, की ही फुकट बसलीय. आता साठी उलटल्यावर वाटतं, कुणीच ते म्हणणार नव्हतं. पण उपकाराखाली असलेल्या पोरीला हे कसं कळावं?

काहिलीत मुंग्या व्हायच्या. हे मला सगळ्यात नवलाचं वाटे. किती वर्षं पाण्यात असलेलं लोखंड, तरी रात्रभर काठावर पालथी घातली की सकाळी मुंग्यांची रांग तिच्या बुडाकडं चाललेली. उन्हात तापलेल्या बुडावर ओला हात ठेवला, की करपलेल्या गुळाचा वास यायचा. मी आत्याला दाखवलं. ती म्हणाली, "मुंग्यांना कुणी सांगितलं नसंल, गुऱ्हाळ बंद झालं म्हणून."

आणि दुसरं नवल म्हणजे विहिरी.

हा तलाव म्हणजे मातीचा बांध घालून अडवलेला ओढा. पाणी पसरलं ते शेतांवर, त्यामुळं खोली अशी नाहीच. उन्हाळ्यात तर अर्ध्याअधिक तलावात माणूस गुडघाभर, फार तर मांडीभर पाण्यातून चालत जातो. पण ती शेतं बागायती होती. शेतं बुडाली तशा त्यांच्या विहिरीही बुडाल्या. बुजवल्या कुणी नाहीत. कठडे ढासळले, तोंडं गाळाच्या पातळीला आली. गढूळ पाण्यात वरून काही दिसत नाही. म्हणजे तुम्ही मांडीभर पाण्यातून जाळं ओढत निघालाय, आणि पुढचं पाऊल सहा पुरुष खोल.

म्हणून तिथं एक रीत होती. कॅनॉलची शेवटची पाळी सुटून पाणी उतरलं, की ज्याची विहीर त्यानं येऊन तिच्या कडेला काठी रोवायची. काठीला फडकं. जमीन सरकारजमा झालेली, मोबदला मिळून संपलेला, पण विहीर ज्याची त्याचीच. काठीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. पाणी आटत जातं तसे मोठे मासे त्या विहिरींत उतरतात. ते मासे त्या घराचे. मासेमारांनी काढायचे आणि अर्धे त्यांच्या दारात पोचते करायचे. आणि सगळ्या काठ्या रोवून झाल्याशिवाय मोठं ओढजाळं पाण्यात उतरायचं नाही. मला या रीतीचं भारी कौतुक वाटलं. आमच्या समुद्रात कुणाची विहीर नव्हती. मी पाण्यावर बोट दाखवून विचारायची, "इथली विहीर कुणाची?" आणि सोपान थट्टा करत का होईना, सांगायचा. "ही पाटलाची. गोड पानी. ही तात्याची, हिच्यात त्याची म्हस पडल्ती. ती लांबची नानाची, सगळ्यात खोल."

नाना ऐंशीच्या आसपासचे, पागोटं बांधणारे, कडक. त्यांची विहीर त्यांच्या वडिलांनी खोदलेली. तिचा ठाव ते दोन खुणांवरून धरायचे. उगवतीच्या काठावरची थोरली चिंच आणि मावळतीच्या टेकडीवरचं देवीचं देऊळ. दोन्हींच्या रेघेत चालत जायचं, की पायाला शेताच्या बांधाचे दगड लागायचे, आणि तिथून विहीर हाताशी. पण त्या हिवाळ्यात रस्ता रुंद केला आणि चिंच गेली. बुंधाही उपटून वर मुरूम टाकला. मला ती चिंच आठवते कारण तिच्याखाली एसटी थांबायची आणि मी तिथंच उतरले होते.

वैशाखात पाणी उतरलं. काठ्या रोवायच्या दिवशी नानाही धोतर खोचून पाण्यात उतरले. रिकाम्या काठाकडं त्यांनी कितीदा वळून पाहिलं. पायानं चाचपलं. मग एका जागी थांबले, म्हणाले, "हितं," आणि काठी रोवली. काठावरच्या माणसांनी माना डोलावल्या. उद्याचा दिवस सोडून परवा जाळं ओढायचं ठरलं.

जेवताना मामा आत्याला म्हणाले, "नानाची काठी औंदा मला लई अलीकडं वाटती."

"मग सांगा त्यास्नी."

"सोपाननं सांगितलं की. म्हनला, नाना, जरा पुढं न्हाई का? तर काठी उगारली त्याच्यावर. माझी इहीर मला कळंना व्हय, म्हनला." मामांनी भाकरीचा तुकडा मोडला. "काठी नसती तर मानूस जपून तरी चाललं असतं. आता काठी हाय म्हनून समदे तिला सोडून बिनघोर चालनार."

"आणि जाळ्याच्या पुढच्या दोरीला कोण असणार?" आत्यानं विचारलं.

ती दोरी धरून सगळ्यांच्या पुढं नेहमी मामाच असायचे. आणि मामांना पोहता येत नव्हतं. तुम्हांला हसू येईल, पण या उथळ तलावावरच्या कितीतरी जुन्या मासेमारांना येत नव्हतं. जिथं चालता येतं तिथं पोहायला कोण शिकतो? माझा घास हातातच राहिला. मनात नको नको ते यायला लागलं. त्यात एक विचार माझा स्वतःचाही होता, तो लपवत नाही. मामांचं काही झालं तर हे घर राहणार नाही, आणि मी कुठली?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी काहिल घेऊन लावलेली लहान जाळी काढायला गेले. ऊन रणरणत होतं. माझं चित्त ठिकाणावर नव्हतं, त्यामुळं काहिल फिरायला लागली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा मी चिडले आणि वल्हं तिच्या काठावर दाणकन आपटलं. गुळाच्या काहिलीचा आवाज कसा असतो, सांगू? देवळातली घंटा पाण्यात बुडवून वाजवावी तसा. तो पाण्यावरून लांबवर गेला. आणि त्याबरोबर माझ्या चारी बाजूंना पाण्यावर रेघा उठल्या. उथळ पाण्यात मोठा मासा दचकून पळाला, की वर बाणासारखी रेघ उमटते. ते मी आधीही पाहिलं होतं. पण या सगळ्या रेघा एकीकडंच चालल्या होत्या. दुष्काळात जनावरं पाणवठ्याकडं जावीत तशा. आणि एका जागी पोचल्या की संपत होत्या.

हे काय, म्हणून मी पुन्हा आपटलं. पुन्हा तसंच. भीती कुठल्या कुठं गेली, मला फक्त कुतूहल उरलं. कुठं जातात हे? मी लांबून वळसा घालून पलीकडच्या अंगाला गेले आणि तिथून आपटलं. आता रेघा उलट्या दिशेनं धावल्या आणि संपल्या मात्र त्याच जागी. त्या जागेपाशी मी काहिल हळूहळू नेली, खोली बघायचा बांबू पाण्यात सोडला. गाळ लागेना. बांबू गेला, माझा हात कोपरापर्यंत गेला, तरी लागेना. मग मी हात मागं घेतला आणि काहिलीच्या तळाला पाठ टेकून नुसती पडून राहिले. माझ्या खाली नानांची विहीर होती. नानांची काठी तिथून चांगलीच लांब, काठाच्या बाजूला उभी होती, फडकं खाली लोंबत.

घरी येऊन सांगितलं. मामा लगेच निघाले, त्यांनी स्वतः काहिल वाजवून पाहिली, बांबू सोडून पाहिला. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"मग काठी हलवूया," मी म्हणाले.

"न्हाई. काठी ज्याची त्यानंच हलवायची."

"पण मामा..."

"आज मी नानाची हलवली, तर उद्या कुनी बी कुनाची हलवंल. मग काठीवर भरवसा कोन ठेवील?"

हे मला तेव्हा अजब वाटलं. जीव मोठा की रीत? आता वाटतं, मामा जिवाचाच विचार करत होते, पण सगळ्यांच्या आणि पुढच्या सगळ्या वर्षांच्या. ते म्हणाले, "सकाळी नानाशी बोलतो." आत्या म्हणाली, "तुमी? तुमी बोलाल तवर जाळं ओढून व्हईल." मग तिनं माझ्याकडं पाहिलं. "तू ने गो नानांना तिथं. पोरीवर काठी नाय उगारणार."

सकाळी काठावर सगळा गाव. जाळं पसरलेलं, माणसं धोतरं, चड्ड्या खोचून तयार. नाना दगडावर बसून सगळ्यांना सूचना देत होते. मी काहिल त्यांच्यासमोर आणून लावली.

"नाना, काहिलीत बसता? मला तुम्हांला काहीतरी दाखवायचंय."

"मला? म्हातारपनी काहिलीत घालती व्हय? गूळ करती का माझा?"

सगळे हसले. सोपान म्हणाला, "नाना, तुमचा गूळ कडूच व्हायचा."

या बोलण्यानंच बहुधा ते चिडून उठले आणि काहिलीत येऊन बसले. मी वल्हं मारत राहिले. काहिल एकदाही फिरली नाही. एवढी घाबरलेली असताना ती सरळ कशी गेली, याचं उत्तर मला अजूनही सापडलेलं नाही. नाना त्यांच्या काठीकडं बघत होते, आणि आपण तिच्या पुढं चाललोय हे त्यांच्या लक्षात येत होतं. मी थांबले आणि वल्हं काहिलीच्या काठावर आपटलं.

रेघा धावल्या. नानांनी मान वळवून त्या जाताना पाहिल्या, संपताना पाहिल्या.

"पुन्हा वाजीव," ते म्हणाले.

मी वाजवलं. मग त्यांनीच माझ्या हातून बांबू घेतला. मी काहिल पुढं नेली. एका जागी बांबू दगडावर लागला. टक्. ते बांबू सरकवत, चाचपत गेले. टक्, टक्, टक्, एक चौकोन. "थारोळं," ते म्हणाले. मोटेचं पाणी विहिरीतून वर येऊन ज्या दगडी कुंडात पडतं ते. "हितं बसून आंगुळ करायचो. बा मोट हाकायचा. पानी पाठीवर पडलं की असा जीव जायचा गारठ्यानं." बराच वेळ ते बांबूचं टोक त्या दगडावर नुसतं टेकवून बसले. मला वाटलं, रडतील. पण त्यांनी नाक शिंकरलं आणि म्हणाले, "चल, काठीकडं घे."

काठी त्यांनी स्वतः उपटली, सगळ्या काठादेखत. ती उपटायला त्यांना जोर लागला, कारण दोन दिवसांपूर्वी चांगली खोल रोवली होती. मग परत जाऊन थारोळ्याच्या कडेला रोवली, दोनदा हलवून बघितली. आम्ही काठाला आलो. नाना उतरले. दोरी हातात घेतलेली माणसं एकदा काठीकडं, एकदा नानांकडं बघत होती. सोपानचं तोंड उघडायला लागलं होतं.

"वाऱ्यानं काठी सरकल्ती," नाना म्हणाले.

त्या आठवड्यात झाडाचं पान हललं नव्हतं. तलाव आरशासारखा पडलेला. रात्री अंगणात निजलेली माणसं वाऱ्यासाठी कूस बदलत होती.

"व्हय नाना," मामा म्हणाले. "लई वारं हुतं."

"लई म्हंजे," सोपान म्हणाला, "माझ्या छपराचं पत्रं उडत्यात का काय वाटलं."

"आमच्याकडं तर धूळच धूळ," मागून कुणीतरी म्हणालं. एकालाही हसू आलं नाही. पागोटं सारखं करत नाना माझ्याकडं वळले. आता सगळा काठ माझ्याकडं बघत होता.

"काय गं पोरी? हुतं का न्हाई?"

"होतं नाना," मी म्हणाले. "मला तर झोपच लागली नाय."

"मग!" नाना माणसांना म्हणाले. "समिंदराकडची हाय ती. तिला इचारा, वारं कशाला म्हनत्यात."

मामांनी वाकून पुढची दोरी उचलली आणि पाण्यात पाय घातला.